चाकांवरचे जुने घर: उचकटण्याआधी

जुन्या कॅराव्हॅनचे दार उघडले की आधी रंग खुपतो. तपकिरी सनमायका, काळवंडलेले पॉलिश, फुलाफुलांचे रेक्झिन, पिवळी पडलेली दिव्यांची झाकणे, धूळ धरून बसलेले मखमली पडदे. पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो सगळे उचकटून टाकण्याचा. सुताराला बोलवावे, आतला सांगाडा उघडा करावा, त्यावर नवे कोरे प्लाय ठोकावे, वर पांढरी सनमायका आणि ओट्याला ग्रॅनाइट. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. अशा गाडीतली सर्वांत मोलाची वस्तू बहुतेक वेळा तीच जुनी, डोळ्याला न आवडणारी लाकडी फळी असते. ती कोरडी आणि घट्ट असेल तर ती उचकटू नये. बदलायचे ते कापड, गादी, उजेड आणि हवेची वाट. यात पैसे वाचतात हे खरेच, पण ते या सल्ल्यामागचे सर्वांत लहान कारण आहे.

हा विषय सोनाळ्यासारख्या गावाला दूरचा वाटू शकतो, पण तो तसा नाही. संग्रामपूर तालुक्यातले हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. उत्तरेला डोंगर चढू लागला की अंबाबरवा अभयारण्य येते. 1997 साली जाहीर झालेले, सुमारे 127 चौरस किलोमीटरचे हे जंगल मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडते. जंगलाच्या काठावर सिमेंटची हॉटेले उभी राहू नयेत आणि तरीही येणाऱ्याला रात्री पाठ टेकायला जागा मिळावी, या दोन्ही गोष्टी साधायच्या तर चाकांवरचा मुक्काम हा विचार करण्याजोगा मार्ग आहे. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले तेही याच हिशेबाने: जिथे कायमचे बांधकाम करता येत नाही किंवा करू नये, तिथे गाडी उभी राहील आणि पाहुणे गेले की जागा मोकळी होईल. त्या धोरणात स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या गाड्यांबरोबर मागे जोडून ओढायचे ट्रेलरही धरलेले आहेत. मात्र नवी सुसज्ज गाडी घेणे गावातल्या होतकरू तरुणाच्या आवाक्यात नसते. तो जुना ट्रेलर शोधणार, किंवा धावून थकलेली टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आतून घर करणार. म्हणून जुन्या अंतर्भागाचे काय करायचे, हा प्रश्न इथे शोभेपुरता उरत नाही. गाडी चालेल की घरासमोर उभी राहून गंजेल, हे बरेचसे त्यावर ठरते.

आता फळी का ठेवायची ते पाहू. प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड ही सगळी लाकडाच्या पापुद्र्यांना किंवा भुश्श्याला गोंद लावून दाबलेले पाट असतात आणि त्या गोंदात बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइड असते. नवा पाट त्यातला फॉर्माल्डिहाइड वायू हळूहळू हवेत सोडत राहतो. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, दम लागणे हे त्याचे तात्काळ परिणाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. मोठ्या घरात हा वायू पांगतो. कॅराव्हॅनमध्ये पाटांचे क्षेत्रफळ भरपूर आणि हवा मूठभर, त्यामुळे तो साचतो. याचा सर्वांत मोठा पुरावा अमेरिकेतून आला. ऑगस्ट 2005 मधल्या कॅटरिना वादळानंतर तिथल्या आपत्ती निवारण संस्थेने, म्हणजे फेमाने, बेघरांसाठी लाखाहून अधिक ट्रेलर आणि फिरती घरे घेतली. गाड्या नव्या होत्या, आतून चकचकीत होत्या, आणि राहणारे लोक डोकेदुखी, नाकातून रक्त, श्वासाचा त्रास अशा तक्रारी घेऊन येऊ लागले. अखेर डिसेंबर 2007 आणि जानेवारी 2008 मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने माणसे राहत असलेल्या 519 गाड्यांतली हवा तपासली. फॉर्माल्डिहाइडचे सरासरी प्रमाण हवेच्या एक अब्ज भागांत 77 भाग निघाले आणि सर्वांत वाईट गाडीत 590. जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेसाठीची मर्यादा अर्ध्या तासाच्या सरासरीला सुमारे 80 भाग आहे. म्हणजे सरासरी गाडीच त्या रेषेला टेकली होती आणि लोक त्यात रात्रंदिवस राहत होते. या घटनेमुळे अमेरिकेत 2010 साली लाकडी पाटांसाठी वेगळा कायदा झाला.

या तपासणीतली एक गोष्ट आपल्या भागाने नीट लक्षात घ्यावी. मोजमाप हिवाळ्यात झाले होते, आणि उन्हाळ्यात आकडे याहून वर गेले असते असे तपासणाऱ्यांनीच म्हटले. गोंदातला हा वायू उष्णता आणि दमटपणा वाढला की जोरात सुटतो. आता सोनाळ्याचा वैशाख आठवा. शेजारच्या अकोल्यात पारा 45 अंशांच्या पलीकडे जातो आणि उन्हात बंद उभ्या गाडीच्या आतले तापमान बाहेरच्या कितीतरी वर चढते. त्या भट्टीत कालपरवा ठोकलेले स्वस्त प्लाय असेल, तर संध्याकाळी दार उघडणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल. लोक त्याला ‘नव्याचा वास’ म्हणून कौतुकाने हुंगतात, ही मला काळजीची गोष्ट वाटते. याउलट पंधरा-वीस उन्हाळे खाल्लेल्या फळीतला हा वायू बराचसा निघून गेलेला असतो. दिसायला ती जुनाट, पण श्वासाच्या दृष्टीने तीच बरी. नवा पाट घेणे भागच पडले तर तो कमी उत्सर्जनाचा, ई-झिरो किंवा ई-वन दर्जाचा आहे का, हे दुकानात विचारून, शिक्का पाहूनच घ्यावे, आणि कापलेल्या कडा उघड्या सोडू नयेत, कारण वायू कडेतूनच जास्त सुटतो.

दुसरे कारण वजनाचे. पूर्वी बैलांच्या दमणीत हा हिशेब कोणाला शिकवावा लागत नसे, बैलाच्या चालीवरून तो कळायचा. इंजिन तक्रार करत नाही म्हणून आपण विसरतो. सोळा फूट लांब आणि सात फूट रुंद ट्रेलर घ्या. खिडक्या-दारे वजा जाता भिंती आणि छत मिळून साधारण 350 चौरस फूट भरतात. त्यावर जुनी फळी तशीच ठेवून वरून 12 मिलिमीटरचे प्लाय मारले तर आठ बाय चारचे अकरा पाट लागतात. एक पाट साधारण 21 किलोचा, म्हणजे एकूण 230 किलो. गाडीत तीन-चार धडधाकट माणसे कायमची बसवून ठेवल्यासारखे हे आहे. तेवढ्याच जागेला रंगाचे दोन हात द्यायला सहा-सात लिटर रंग लागतो आणि वाळल्यावर त्यातले साधारण निम्मेच वजन उरते. ओट्याचे तेच. सहा फूट बाय दोन फुटांची 18 मिलिमीटरची ग्रॅनाइटची फरशी पन्नास किलोच्या वर जाते. भिंतीला टाइल्स लावल्या तर वजन आहेच, शिवाय संग्रामपूर-वरवट बकालकडचे खड्डे त्यांच्या सांध्यांना महिनाभरात भेगा पाडतील. त्यातही ट्रेलरमध्ये वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हे जास्त महत्त्वाचे. जोडणीच्या हुकावर पुरेसा भार नसला आणि मागच्या टोकाला जड ओटा, जड कपाट, पाण्याची टाकी अशी भर पडली, तर वेग घेताच ट्रेलर मागून डावी-उजवीकडे झोलू लागतो आणि तो झोल ओढणाऱ्या गाडीलाही सोबत घेऊन जातो. अमेरिकेत एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर असावा असा संकेत आहे. सजावट करणारा सुतार हे पाहत नाही, त्याने पाहावे अशी अपेक्षाही नाही. मालकाने पाहायला हवे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. एसटी महामंडळाने दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत जुन्या बसच्या ॲल्युमिनियमच्या बॉड्या उतरवून त्याच चेसिसवर माइल्ड स्टीलच्या नव्या बॉड्या चढवल्या. तिथे जुने ठेवण्याचा मोह का धरला नाही? कारण तिथे प्रश्न अपघातात प्रवासी वाचण्याचा होता. सांगाडाच कमी पडत असेल तर तो बदलावा लागतो, मग वजन वाढले तरी चालते. माझ्या म्हणण्याची मर्यादा हीच आहे. फळी ठेवायची ती निरोगी असेल तरच, आणि ती निरोगी आहे का हे तपासायला अर्धा दिवस द्यावा. छतावरच्या झरोक्याची चौकट, खिडक्यांचे खालचे कोपरे, मागच्या दिव्यांच्या आतली बाजू आणि सिंकखालचा कोनाडा, या चार ठिकाणी पाणी पहिल्यांदा शिरते. तिथे बोटाच्या पेराने ठोकत जावे. कोरडी फळी टणक, कोरा आवाज देते. भिजून सडलेली फळी बद्द वाजते. मग अंगठ्याने दाबावे. फळी आत गेली, पापुद्रा सुटून आला किंवा चहाच्या डागासारखी तपकिरी कड असलेले वर्तुळ दिसले, तर तेवढा तुकडा कापून काढावा, गळती बाहेरून बंद करावी आणि मगच नवा तुकडा बसवावा. सगळीकडे काळी बुरशी पसरलेली असेल, चौकटीचे लाकूडच भुगा होत असेल, तर माझा सल्ला लागू नाही. तिथे उचकटणेच शहाणपणाचे. पण अशी गाडी घ्यावी का, याचा विचार त्याच्याही आधी करावा.

फळी ठरली की तिचे रूप बदलणे हे कष्टाचे काम आहे, अवघड नाही. सनमायकावर रंग टिकत नाही, असे पुष्कळ रंगारी सांगतात. टिकत नाही तो तेलकटपणामुळे. वर्षानुवर्षे फोडणीचा धूर बसलेला पृष्ठभाग साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुवावा, वाळल्यावर 220 नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून चकाकी मारावी, भुकटी ओल्या फडक्याने टिपावी, मग गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर आणि त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या, कमी वासाच्या रंगाचे दोन पातळ हात. जुन्या ट्रेलरच्या भिंती पुष्कळदा सनमायकाच्याही नसतात. तीन मिलिमीटरच्या पातळ प्लायवर लाकडाचे चित्र छापलेला कागद चिकटवलेला असतो. तिथे पेपर जोरात घासला तर कागद फाटून प्लाय उघडे पडते, म्हणून फक्त धुणे आणि प्रायमर. जुना तेलरंग असेल तर मात्र सावध राहावे. भारतात रंगातल्या शिशाला दहा लाखांत 90 भागांची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नये. ओला करून घासावा आणि लहान मुलांना त्या दिवशी लांब ठेवावे.

रंग कोणता, यावर भांडणे होतात. माझे मत असे, की आतला रंग उकाडा फारसा कमी-जास्त करत नाही. ऊन थोपवायचे ते बाहेरच. छताला बाहेरून पांढरा रंग द्यावा. आत छताखाली उष्णता अडवणारा थर नसेल तर फक्त छताची फळी उतरवून इंचभर थर्माकोल किंवा काचलोकर भरावी, कारण दुपारचे ऊन छतावरच सर्वांत जास्त पडते. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये हे करावेच लागेल, आणि फळी न काढण्याच्या माझ्या आग्रहाला हा अपवाद आहे हे मान्य. आतला फिकट रंग उपयोगी पडतो तो उजेडासाठी. फिकट भिंतीवरून प्रकाश परत येतो, त्यामुळे बॅटरीवरचे कमी दिवे पुरतात. पूर्वी 21 वॅटचा बल्ब जेवढे उजळायचा तेवढे आता तीन-चार वॅटच्या एलईडीत होते. मात्र दवाखान्यातल्यासारखा निळसर पांढरा उजेड घेऊ नये. तीन हजार केल्विनच्या आसपासचा उबदार दिवा जुन्या तपकिरी लाकडालाही चांगला दिसू देतो, आणि मग निम्मी कपाटे न रंगवता तशीच ठेवावीशी वाटतात. तसे वाटले तर ठेवावीत. रेल्वेने 2022 मध्ये डेक्कन क्वीनला नवे एलएचबी डबे दिले तेव्हा तिचे भोजनयान कायम राखले. सगळे नवे करतानाही गाडीची ओळख जिथे बसलेली असते ती जागा राखता येते.

कापड आणि गादी यांत मात्र हात आखडू नये, कारण जुन्या गाडीचा खरा दोष इथेच असतो. जुना फोम चुरा होतो, घामाचा वास धरतो आणि पेटला तर कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सोडतो. रेक्झिन उन्हाळ्यात पाठीला चिकटते. हा कापसाचा मुलूख आहे. याच जिल्ह्यातली खामगावची बाजारपेठ इंग्रजी अमदानीत कापसासाठी नावाजलेली होती. इथे गादीला, उशीला, पडद्याला सुती कापड सोडून दुसरे कशाला पाहावे? दोसुतीचा किंवा जाड मांजरपाटाचा पडदा धुता येतो, ऊन अडवतो आणि घाम शोषतो. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली कापसाची गादी फोमपेक्षा जड असते, म्हणून ती पातळ भरावी. तिला दुसरा धोका ओलीचा. एक माणूस रात्रभरात श्वास आणि त्वचेतून पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. पौष-माघाच्या थंडीत ते गाडीच्या गार पत्र्यावर दव होऊन बसते आणि गादीच्या खाली, प्लायच्या सपाट फळीवर, बुरशी धरते. यावर उपाय आपल्या घरातच आहे: पलंगाच्या चौकटीवर प्लाय न टाकता नवार विणावी. बाजेसारखी ती खालून हवा येऊ देते, प्लायपेक्षा हलकी असते, खड्ड्याचा धक्का झेलते, आणि सैल पडली तर कोणीही ओढून घट्ट करू शकतो. कपाटांच्या झडपांनाही जड पाटाऐवजी बांबूची चटई चालते. मेळघाटातल्या लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभ्या केलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने कोरकू कारागिरांच्या हातून बांबूचे किती टिकाऊ काम होते ते दाखवून दिले आहे.

सुती कापड आणि बांबू लवकर पेट घेतात, हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. शेगडीपासून दोन-अडीच फुटांत पडदा नको. बांबूला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात भिजवून वाळवावे. त्याने भुंगेही लागत नाहीत आणि आगही जरा मंद धरते. सुती कापड नायलॉनसारखे वितळून अंगाला चिकटत नाही, हे त्याच्या बाजूचे. शेवटी आगीचा धोका पडद्यापेक्षा गॅसमध्ये जास्त. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कोनाड्याला तळाशी बाहेर उघडणारी भोके हवीत, आणि नव्या शोभिवंत फ्लोअरिंगखाली ती झाकली जाणार नाहीत हे पाहावे. सजावटीच्या नादात बुजलेले असे एक भोक साऱ्या गाडीचा घात करू शकते. अग्निशामक नळकांडे दाराजवळ असावे, शेगडीजवळ नाही.

उरतो पाहुण्यांच्या पसंतीचा आक्षेप: पर्यटकाला फोटोतल्यासारखे चकचकीत हवे असते, नवारीची खाट आणि मांजरपाट पाहून तो फिरकणार नाही. मला हे पटत नाही. पुण्या-नागपुराहून अंबाबरव्याला येणाऱ्याने घरी सोडलेली सनमायकाच इथे पुन्हा का पाहावी? त्याला स्वच्छ संडास, गार झोप, न गळणारे छत आणि चालणारा नळ हवा असतो, आणि यातली एकही गोष्ट नव्या प्लायने मिळत नाही. नळाचा उल्लेख मुद्दाम केला. संग्रामपूर तालुक्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात आहे. त्या पाण्याने चकचकीत क्रोमच्या तोट्यांवर पांढरे पापुद्रे धरतात आणि शॉवरची भोके बुजतात. प्लायवरचे पैसे वाचले तर ते चांगल्या टाकीत, गाळणीत आणि साध्या, सहज उघडून साफ करता येणाऱ्या तोट्यांत घालावेत.

कायद्याची बाजूही फळी ठेवणाऱ्याला सोयीची आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच पुन्हा ठामपणे सांगितले. आतून रंग, पडदे, गाद्या यांना कोणी अडवत नाही. आसने काढून पलंग बसवणे, छत कापून झरोका करणे, सांगाड्याला हात घालणे यांसाठी मात्र आधी आरटीओकडे जावे लागते.

कामाचा क्रमही ऋतू पाहून लावावा. धुणे, दुरुस्ती आणि रंग माघ-फाल्गुनात उरकावेत, म्हणजे रंग हळूहळू आणि नीट वाळतो. चैत्र-वैशाखात गाडी रिकामी, झरोके उघडे ठेवून उन्हात सोडावी. जो वास आणि वायू निघायचा तो त्या उष्णतेत माणूस आत नसताना निघून जातो. मृगाच्या पहिल्या दमदार सरीला आत बसून पाणी शिरण्याची ती चारही ठिकाणे पुन्हा ठोकून पाहावीत. गळती कुठे राहिली असेल तर ती त्या दिवशी दिसेल. गाद्या आणि पडदे शिवायला टाकावेत ते त्यानंतर.